मधल्या जागेत उभे असताना

मुंबईच्या गिरणीत राबणारा चाकरमानी सणासुदीला खेडच्या एस.टी. स्थानकावर उतरे, तेव्हा त्याचा अर्धा संसार पत्र्याच्या एका ट्रंकेत असे. त्या ट्रंका आता माळ्यावर गेल्या. नलिनी मलानी या चित्रकर्तीने आपल्या एका मांडणशिल्पात अशाच बारा ट्रंका जमिनीवर उघड्या ठेवून त्यांत दूरदर्शन संच बसविले, हे वाचले तेव्हा आम्हांला त्या माळ्यावरच्या ट्रंकांची आठवण झाली.

मांडणशिल्प या शब्दाला बिचकण्याचे कारण नाही. नाताळात आपण गोठा मांडतो, तोही याच जातीचा. तो लांबून पाहायचा नसतो. त्याच्यापाशी जाऊन गुडघे टेकायचे असतात.

मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला. फाळणीत घर सुटले. पुढे मुंबईत जे.जे. कलाशाळेत शिक्षण झाले आणि १९६९ पासूनच त्यांनी चित्रपटाचा कॅमेराही हाती घेतला. मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला अणुस्फोट केले, त्याच महिन्यात पाकिस्तानने चगाईला केले. दोन्हीकडे पेढे वाटले गेले. त्या वेळी मलानी यांनी ‘रिमेंबरिंग टोबा टेकसिंग’ ही कृती रचली. नाव सआदत हसन मंटो यांच्या कथेवरून घेतलेले. वेड्यांच्या इस्पितळातील बिशनसिंग आपले गाव कोणत्या देशात गेले हे विचारीत राहतो आणि शेवटी दोन सीमांमधल्या, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो. ती सीमा आखणारे सर सिरिल रॅडक्लिफ जुलै १९४७ मध्ये प्रथमच हिंदुस्थानात आले होते. नकाशे आणि शिरगणतीचे तक्ते पुढे ठेवून सुमारे पाच आठवड्यांत त्यांनी काम उरकले. तेही एक तंत्रज्ञानच होते, आणि त्याची धार बाँबहून बोथट नव्हती.

मलानी यांच्या कृतीत अणुस्फोटांची जुनी दृश्ये आहेत, ट्रंकांत निर्वासितांच्या आठवणी आहेत. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया दिसतात. त्या एका साडीची घडी घालू पाहतात. पण मध्ये अंतर आहे. प्रेक्षक उभा राहतो तो त्याच अंतरात.

येथे आमच्यापुढे प्रश्न उभा राहतो. बाँब आम्ही केला नाही, रेषा आम्ही आखली नाही. मग मध्ये उभे राहून नुसते पाहणाऱ्याचा दोष कोणता? व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सबंध शहरांचा सरसकट संहार हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध गुन्हा ठरविला. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये हिरोशिमात अण्वस्त्रे बाळगणेही अनैतिक असल्याचे सांगितले. दोन्ही वचने आम्ही आदराने ऐकली. ती दिल्लीला, इस्लामाबादला, वॉशिंग्टनला उद्देशून आहेत असे समजून ऐकली, हे मात्र कबूल केले पाहिजे.

पण आमच्याच खेड तालुक्यात लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत आहे. दाभोळ खाडीतले मच्छीमार तिथल्या रासायनिक सांडपाण्याबद्दल वर्षानुवर्षे गाऱ्हाणे मांडीत आले आहेत. आणि त्याच कारखान्यांच्या पगारावर कितीतरी घरांच्या चुली पेटतात, मुलांच्या शाळेची फी भरली जाते. कारखाने बंद करा म्हणणे सोपे, कारण ते म्हणणाऱ्याची चूल सहसा दुसरीकडे असते. गप्प राहणे त्याहून सोपे. पिलाताने हात धुतले तेव्हा त्यानेही स्वतःला बाहेरचाच समजले होते. निर्णय लोकांचा, तो केवळ पाहणारा!

मलानी दोषारोप करीत नाहीत. त्या फक्त आपल्याला कुठे उभे करायचे ते ठरवितात. आम्हांला ही गोष्ट उपदेशाहून अवघड वाटते. उपदेश ऐकून घरी जाता येते.

खेडच्या अंगणात दोघी सासू-सुना धुतलेल्या लुगड्याची घडी घालू लागतात, तेव्हा मध्येच कोणी पोर उभे असते. ते काही करीत नसते. तरी सासूबाई म्हणतातच, “सर रे बाजूला, टोकं जुळू देत.”