कोरसमधले तीस मिलिसेकंद

आमच्या बँडचं पहिलं गाणं आम्ही गिटारवाल्याच्या कर्वेनगरमधल्या फ्लॅटवर रेकॉर्ड केलं. त्याचे आईबाबा आठ दिवस गावी गेले होते, एवढीच आमची स्टुडिओची व्याख्या. हॉलमध्ये ड्रम, भिंतींना टेकवून उभ्या केलेल्या गाद्या, खिडकीवर दोन गोधड्या आणि गिटारचा अ‍ॅम्प बाथरूममध्ये कोंडलेला. सामान असं: चार इनपुटांचा उसना ऑडिओ इंटरफेस, दोन एसएम५७, एक बरा कंडेन्सर माइक, बास ड्रमसाठी कुणाकडून तरी आणलेला एक जुना जड माइक, माझा लॅपटॉप आणि त्यावर रीपर. एका टेकमध्ये शेजारच्या कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत. त्या गाण्यात अजूनही आहेत. मला ऐकू येतात, बाकी कुणाला नाही.

याला आता चार वर्षं होतील. गाणं बरं झालं. पण त्यात मी एक गोष्ट केली आणि ती आमच्या ड्रमरला दीड वर्ष सांगितली नाही. ती चूक होती का, आणि असली तर नेमकी कुठली, हे मी तेव्हापासून स्वतःशी घोळवतो आहे.

चारच माइक असले की ड्रमसाठी बरेच लोक ग्लिन जॉन्स या इंग्लिश इंजिनिअरची पद्धत वापरतात. लेड झेपलिनचा पहिला आल्बम १९६८ साली त्यानेच रेकॉर्ड केला होता. एक माइक स्नेअरच्या वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, आणि स्नेअरपासून दोघांचं अंतर अगदी सारखं. ते आम्ही सुतळीने मोजलं. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. अंतर कमीजास्त झालं तर एकच ठोका दोन माइकांत थोडा मागेपुढे पोचतो, त्या दोन लाटा काही ठिकाणी एकमेकींना खोडतात आणि स्नेअर तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा वाजतो. वीतभर अंतराने इतका फरक पडतो यावर स्वतःच्या कानांनी ऐकेपर्यंत माझा विश्वास नव्हता. मिलिसेकंद ही माझ्यासाठी तोवर सर्व्हरच्या लॉगमधली गोष्ट होती.

ड्रमर हा आमच्यातला एकमेव खरा वादक. बाकीचे आम्ही यूट्यूबवर शिकलेलो. कॉलेजची चार वर्षं तो गणपतीत पथकात ताशा वाजवायचा. पथकात लय चढते. चाळीस-पन्नास माणसं एकत्र चढवतात, आणि ती तशी चढली नाही तर लक्ष्मी रोडवर उभा असलेला माणूस मान हलवत पुढच्या पथकाकडे जातो. तर हा गडी हेडफोनमध्ये मिनिटाला १२० ठोक्यांचा क्लिक ऐकत वाजवत होता. कडव्यात क्लिकला चिकटून, आणि कोरस आला की वीस-तीस मिलिसेकंद पुढे. या लयीत मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे तीस काही फार नाहीत. त्या दिवशी कुणालाच ते खटकलं नाही.

खटकलं आठवड्याने. तपासताना कळलं की गिटारची एक तार सबंध गाण्यात किंचित उतरलेली आहे. गिटारवाल्याने आपला भाग घरी बसून, नुसत्या क्लिकवर, पुन्हा वाजवून पाठवला. तो छान होता, पण आता कोरसमध्ये ड्रम आणि गिटार एकमेकांच्या पायांवर पाय देत होते. सगळ्यांनी ड्रमरकडे पाहिलं असतं, पण तो त्या दिवशी आला नव्हता.

मी म्हटलं, मी बघतो.

दोन रात्री लागल्या. महागड्या स्टुडिओत प्रत्येक ड्रमला वेगळा माइक असतो, तरी तिथेही हे काम किचकटच. आमच्याकडे चार माइक, आणि प्रत्येक माइकला सगळंच ऐकू येत होतं. त्यामुळे एक ठोका सरकवायचा तर चारही ट्रॅक एकाच जागी कापून एकत्र सरकवायचे, आणि मधल्या फटीत क्रॅशची लांबलेली झणझण तुटू नये म्हणून दोन्ही कडा एकमेकींत विरघळवायच्या. ठोका कापा, ग्रिडवर आणा, कडा जुळवा, पुढचा. पहाटे तीनला मला आढळलं की मी ते आनंदाने करतो आहे. वाकडी ओळ सरळ करण्यात जो आनंद असतो, तो आमच्या धंद्यातल्या लोकांना वेगळा सांगायला नको. शेवटी त्याच्या बास ड्रमखाली एका फुकट सॅम्पल लायब्ररीतला ठोका भरला, वजन यावं म्हणून. जगात कुठल्या तरी ड्रमरचा पाय आमच्या गाण्यात आहे. कुणाचा, देव जाणे.

ड्रमरने मिक्स ऐकलं. दुसऱ्या कोरसला तो उठून उभा राहिला. ‘च्यायला, मी एवढं सरळ वाजवलं?’

मी म्हटलं, ‘मग?’

या ‘मग’वर मी अडकलो आहे.

ऐकणाऱ्याची फसवणूक झाली, असं मला वाटत नाही. रेकॉर्ड ही घडलेल्या प्रसंगाची साक्ष असते हा समज टेप कापता यायला लागली तेव्हाच संपायला हवा होता. बीटल्सचं ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ दोन वेगळ्या टेकांचं आहे, दोन्हींचा वेग आणि सूर वेगळा. वेग कमीजास्त करून १९६६ साली ते सांधलं, आणि त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. ग्लेन गूल्डने १९६४ साली मैफली सोडल्या आणि पुढे टेपचे तुकडे जोडण्याचं उघड समर्थन केलं. त्याच्या लेखी रेकॉर्डिंग ही वेगळीच कला होती. मला ते पटतं. सिनेमातली मारामारी एका दमात झालेली नसते, हे ठाऊक असूनही आपण शिट्ट्या मारतोच की.

दुसऱ्या टोकाला स्टीव्ह अल्बिनी. निर्वाणाचा १९९३चा ‘इन युटेरो’ करण्याआधी त्याने बँडला पत्र लिहून रॉयल्टी नाकारली होती. नळ दुरुस्त करणाऱ्या प्लंबरसारखे ठरलेले पैसे द्या, संगीत तुमचं आहे, असा त्याचा हिशेब. स्वतःला तो निर्माता म्हणवत नसे, नुसतं रेकॉर्ड केलं म्हणायचा. या माणसावर मी काही महिने लट्टू होतो. नंतर वाटायला लागलं की ‘नुसतं रेकॉर्ड करणं’ही इतकं निष्पाप नसतं. माइक कुठे ठेवायचा हे ठरवलं तिथेच मी ड्रमरच्या हातात हात घातला. त्याच्या स्नेअरमधला घोगरेपणा कमी केला, कंप्रेसर लावून हलके ठोके वर आणले, त्यातलं काहीही त्याला विचारून केलं नाही आणि त्याची टोचणीही नाही. मग ठोका पुढेमागे केल्याचीच का?

उत्तर मला संगीतात मिळालं नाही, कामात मिळालं. गिटमध्ये प्रत्येक कमिटला दोन नावं असतात: कोड लिहिणाऱ्याचं आणि तो आत घेणाऱ्याचं. बहुतेक वेळा ती एकच असतात म्हणून आपलं लक्ष जात नाही. लिनक्स कर्नलवाले त्याच्याही पुढे गेले आहेत. मेंटेनरने दुसऱ्याच्या पॅचमध्ये काही बदललं, तर चौकोनी कंसात आपला पत्ता टाकून काय बदललं ते एका ओळीत लिहावं, अशी त्यांची रीत आहे. दुसऱ्याचा कोड बदलून आपल्या चुका त्याच्या गळ्यात मारणं उद्धटपणाचं आहे, हे त्यांच्या नियमांतच लिहिलेलं आहे. मी ड्रमरच्या गळ्यात माझी चूक मारली नव्हती, माझी सफाई मारली होती. तेव्हा वाटलं, यात त्याचं काय जातं? फायदाच आहे.

काय जातं ते पुढे दिसलं. एका कॅफेत वाजवायचं ठरलं आणि ड्रमर घरी आमचंच गाणं हेडफोनवर लावून सराव करायला लागला. रिहर्सलला त्याचे खांदे आखडलेले. कोरस येण्याआधी तो श्वास धरायचा. एकदा काठ्या मांडीवर ठेवून म्हणाला, ‘रेकॉर्डिंगला जमलं होतं रे. आता का जमत नाही?’ बासवाली म्हणाली, होईल. मी केबल गुंडाळत होतो. गुंडाळून झालेली केबल मी पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

कॅफेत आम्ही ठीक वाजवलं. अगदी ठीक. कुणी मान हलवत बाहेर गेलं नाही आणि कुणी पुढेही सरकलं नाही.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी नवीन लॅपटॉपवर फायली हलवताना मी तो प्रोजेक्ट उघडला. रीपर मूळ रेकॉर्डिंगला हात लावत नाही, कापाकापी वरच्यावर असते. सहज म्हणून जुने ड्रम चालू केले, आणि नव्या गिटारच्या जागी त्याच दिवशीची ती उतरलेल्या तारेची गिटार. कोरस आला आणि दोघेही क्लिक सोडून एकत्र पुढे गेले. बासही. हॉलमधला ड्रमर, बाथरूममधला अ‍ॅम्प, स्वयंपाकघराच्या दारात उभी बासवाली, सगळेच वीस-तीस मिलिसेकंद पुढे. मी दोन रात्री जागून जे दुरुस्त केलं ते क्लिकशी ताडून पाहिलं तरच चूक होतं. आणि तो क्लिक गाण्यात कुणालाच ऐकू येत नाही.

इथे मला स्वतःला सूट द्यायची नाही. समजा, तो खरंच वाईट वाजवत असता तर? तर न सांगता केलेली दुरुस्ती चालली असती का? मला वाटतं, तेव्हा तर सांगणं जास्त गरजेचं होतं, आणि जास्त अवघड. मी ‘मग?’ म्हणालो ते त्याला बरं वाटावं म्हणून, असं मी बराच काळ समजत होतो. त्यात माझीही सोय होती. सांगितलं असतं तर तो म्हणू शकला असता, राहू दे, मला माझंच हवंय. आणि माझ्या दोन रात्री पाण्यात गेल्या असत्या.

शेवटी त्याला घरी बोलावून सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, ‘किती ठोके?’

‘कोरसमधले जवळजवळ सगळे.’

‘कॅफेच्या वेळी माहीत होतं तुला.’

‘हो.’

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. परत आल्यावर म्हणाला, ‘मूळचं आहे का अजून?’ मी लावलं. पहिला कोरस गेला, तो काही बोलला नाही. दुसरा अर्ध्यात आल्यावर त्याने थांबवायला सांगितलं, चार बार मागे नेलं, पुन्हा ऐकलं.

‘हा फिल बघ. इथे मी खरंच घाई केलीय, गिटारला सोडून पळालोय. एवढा नीट कर. बाकीचं तसंच ठेव.’

मी तो फिल कापायला घेतला. तो खुर्ची ओढून शेजारी बसला आणि प्रत्येक ठोका किती सरकवायचा ते सांगत राहिला.