एकशेवीस एकर मोकळे राहू द्या

३१ मे २०१३ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा संपला आणि ही जागा आपल्यालाच हवी, असं सांगणारे पुढे येऊ लागले. शर्यतवाल्यांना ती हवी, सकाळी फिरायला येणाऱ्यांना हवी, घोडेस्वारी शिकणाऱ्यांना हवी. कुणी तिथे थीम पार्क मागितला, कुणी क्रीडासंकुल. जमीन सुमारे २११ एकर. त्यातला जवळपास तिसरा हिस्सा महापालिकेचा, उरलेला राज्य सरकारचा. म्हणजे मालकी जनतेची. पण आपण वाद घालत राहिलो तो वापरावरून. ती मोकळीच राहील ना, या प्रश्नाभोवती सगळे एकत्र आले नाहीत.

सकाळी तिथे उभं राहून बघावं. कडेच्या ट्रॅकवर घोड्यांचा सराव चालू असतो, साईस घामेजलेल्या घोड्याला लगाम धरून हिंडवत असतात. आतल्या वाटेवर कुणी मॅरेथॉनच्या तयारीसाठी पळतंय, कुणी नव्या गुडघ्याला सवय लावतंय. घोडा आडवा येणार असला की चालणारे थांबतात, तो गेला की पुढे निघतात. एवढ्या मोठ्या शहरात ही समजूत रोज पाळली जाते, याचं मला फार मोल वाटतं. शर्यतींचं मला प्रेम नाही. पण १८८३ साली दलदलीच्या जमिनीवर उभं राहिलेलं हे मैदान टॉवरांच्या गराड्यात आजवर मोकळं राहिलं ते शर्यतींमुळेच, हे मान्य करायलाच हवं. आणि हेही तितकंच खरं, की सात रस्ता किंवा वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पोरांना चेंडू-फळी घेऊन हक्काने इथे शिरता आलेलं नाही.

बिल्डर येईल ही भीती निराधार नाही. हाकेच्या अंतरावर लोअर परळ आहे. १९९१च्या नियमानुसार तिथल्या गिरण्यांच्या पुनर्विकासात जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१मध्ये नियमाचा मजकूर बदलला. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि शहराचा वाटा आक्रसला. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल ग्राह्य धरला. मैदानं गिळतो असं तेव्हा कुणीही जाहीर केलं नव्हतं. एका कलमाने काम झालं.

म्हणून रेसकोर्सबाबतचा २०२४चा निर्णय बारकाईने वाचायला हवा. १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी, ९१ एकर २०५३पर्यंत शर्यती भरवणाऱ्या क्लबकडे, शिवाय सागरी किनारा रस्त्यालगतची सुमारे १७५ एकर भराव जमीन जोडून मोठं सेंट्रल पार्क. ऐकायला हे उत्तमच आहे. खटकतं ते जमिनीखालच्या क्रीडासंकुलाचं आणि वाहनतळाचं बोलणं. तळघराच्या स्लॅबवर मातीचा थर टाकून हिरवळ होते, वड वाढत नाही. मुळात हा सखल भाग. इथल्या उघड्या मातीत मुरणारं पावसाचं पाणी उद्या जाणार कुठे? हाजी अलीच्या रस्त्यावर पाणी तुंबतं ते आजच पुरेसं नाही का?

दुसरी काळजी पैशाची. जे बांधायला महाग ते चालवायलाही महाग. मग ठेका येतो, ठेक्यामागून शुल्क, शुल्कामागून सभासदत्व. देखभालीसाठी दत्तक दिलेल्या काही मैदानांवर क्लब उभे राहिलेले मुंबईने पाहिले आहेत. फाटकावरचा पहारेकरी मग पोरांना हटकतो.

घोडा, चालणारा आणि क्रिकेटचा पोरगा यांचं भांडण वेळापत्रकाने मिटतं. मुंबईतल्या शर्यतींचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, मग शर्यती पुण्याला जातात. रोजच्या वेळा वाटून घेता येतात, चुकल्या तर बदलता येतात. काँक्रीट बदलता येत नाही. त्यामुळे खेळ कोणता आणि कोणाचा, हा प्रश्न दुसरा. पहिली मागणी एकच असली पाहिजे: या १२० एकरांवर, आणि त्यांच्या पोटातही, बांधकाम होणार नाही व प्रवेशाला पैसे पडणार नाहीत, हे विकास आराखड्यात स्पष्ट शब्दांत लिहा. पेडर रोडहून फिरायला येणाऱ्यांनी आणि सात रस्त्याच्या पोरांनी या मागणीच्या एकाच अर्जावर सह्या कराव्यात, आणि त्या आत्ताच कराव्यात.