मधले तास

सिमल्याहून उतरून आम्ही चंडीगडला पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. पुण्याचं विमान संध्याकाळी सहाला. बरोबर अण्णा, वय ८१. सामान टॅक्सीच्या डिकीत, टॅक्सी दिवसभरासाठी ठरवलेली, आणि माझ्या खिशात यादी: सुखना तलाव, रॉक गार्डन, कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, सेक्टर १० मधलं वस्तुसंग्रहालय.

माझा भाचा कामानिमित्त युरोपात जातो. अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावर त्याला एकदा दहा तास थांबावं लागलं. रेल्वेनं पाव तासात शहर गाठलं, कालव्यांतून बोटीनं फिरला, एक संग्रहालय पाहिलं आणि वेळेत परत आला. 'मामा, एक मिनिट वाया घालवलं नाही,' असं त्यानं सांगितलं तेव्हा मला हेवा वाटला होता. (त्याच्याकडे शेंगेन व्हिसा होता. नसता तर तेच दहा तास काचेच्या आतच गेले असते. मधला वेळसुद्धा सगळ्यांना सारखा मिळत नाही.)

सुखनाच्या काठावर अण्णा बाकावर बसले ते बसलेच. समोर पाणी, पलीकडे शिवालिकच्या टेकड्या. "तू ये बघून. मी इथंच बसतो."

"अण्णा, परत कधी येणार आहोत आपण इथं?"

"नाहीच येणार," ते म्हणाले.

या उत्तराशी मी अजून झगडतो आहे. परत येणं नाही, म्हणून सगळं पाहून घ्यायला हवं, असं मी म्हणत होतो. परत येणं नाही हे त्यांनाही मान्य होतं, आणि ते बसून राहिले. अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडी कधी लागणार, हा एकच प्रश्न खिडकीतून आयुष्यभर ऐकलेला माणूस.

मी एकटाच रॉक गार्डनला गेलो. नेकचंद हे बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक. त्यांचं गाव फाळणीनंतर पाकिस्तानात राहिलं. इथं नवं शहर उभं राहत होतं, त्यासाठी जुनी गावं पाडली जात होती. त्या पाडापाडीतल्या विटा, फुटक्या बांगड्या, कपबश्या, बेसिनं गोळा करून नोकरीनंतरच्या वेळात, राखीव जंगलात, विनापरवानगी त्यांनी माणसं, पक्षी, जनावरं घडवली. १९५८च्या सुमाराला सुरुवात केली आणि कित्येक वर्षं सरकारला पत्ता नव्हता. १९७६ साली बाग लोकांसाठी उघडली. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की बघा, उरलेल्या वेळाचं सोनं करणं म्हणतात ते हे! पण त्या अरुंद वाटांवरून फोन उंच धरून चालताना थोडी लाज वाटायला लागली. नेकचंद रोज त्याच जागी परत येत होते. मला चाळीस मिनिटांत बाहेर पडायचं होतं.

म्हणजे थोडा वेळ थांबणाऱ्याला काही हक्कच नाही? तसंही म्हणवत नाही. या शहराचा पहिला वास्तुकार मॅथ्यू नोविकी भारतातून घरी परतत असताना ३१ ऑगस्ट १९५०ला कैरोहून निघालेलं विमान कोसळून गेला. त्यानंतर आलेल्या ल कॉर्बुझिएनं फेब्रुवारी १९५१ मध्ये अवघ्या काही दिवसांत आराखडा काढला, आणि पुढे वर्षातून दोनदा महिना-महिना येत राहिला. त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे मात्र १९६५ पर्यंत इथंच राहिला. त्याच्या अस्थी १९७० साली सुखनातच विसर्जित केल्या. चंडीगड दोघांचंही आहे. तेव्हा दोष कमी वेळाचा नाही.

दोष असलाच तर आपल्या एका शब्दात आहे. पैसे वसूल, दिवस वसूल. वसुली म्हटली की कुणीतरी देणेकरी आला. चंडीगड माझं काही लागत नव्हतं. मी वसूल करत होतो अण्णांकडून, त्यांच्या गुडघ्यांकडून. 'अण्णांना सगळं दाखवलं' हे वाक्य मला पुढे कधीतरी म्हणता यायला हवं होतं, आणि कधी ते मला पक्कं माहीत होतं. श्रावणबाळाच्या आईवडिलांना निदान तीर्थयात्रेला जायचं तरी होतं.

तरीही त्यांना एकटं सोडून गेलो ते चूक की बरोबर, हे ठरत नाही. त्यांनीच जा म्हटलं होतं. हट्टानं शेजारी बसलो असतो तर तीही एक वसुलीच झाली असती, सहवासाची.

परतलो तेव्हा बाकावर अण्णांशेजारी एक सरदारजी होते, दोघांमध्ये शेंगदाण्यांची पुडी. रोडवेजच्या गाड्या वेळेवर सुटतात की एसटीच्या, यावर बोलणं चाललं होतं. अण्णांचं हिंदी स्टॅंडवरचं, पण अडत नव्हतं.

"हे तळं मूळचं नाही, ठाऊक आहे का तुला?" मला बघताच ते म्हणाले. "५८ साली ओढ्याला बांध घातलाय. गाळ फार येतो म्हणे."

घड्याळात एक वाजला होता. संग्रहालय आरामात झालं असतं.

"निघायचं का?" मी विचारलं.

"गाडी लागू दे," अण्णा म्हणाले आणि पुडी माझ्याकडे सरकवली.