उशिरा आलेले उत्तर

डिस्कशी व्यवहार करणारा ड्रायव्हर लिहिताना प्रतीक्षेची मर्यादा आधी ठरवावी लागते. लिनक्समध्ये एनव्हीएमई डिस्कसाठी ती सामान्यतः ३० सेकंदांची असते. तेवढ्या अवधीत उत्तर आले नाही, तर टायमर जागा होतो आणि त्या विनंतीचा निकाल ड्रायव्हर आपल्या हाती घेतो. व्यवस्था विवेकाची आहे. कठीण असतो तो एकच क्षण, जेव्हा इकडे संयम संपतो आणि तिकडे उत्तरही दारात येऊन उभे राहते.

एका ड्रायव्हरमधल्या अशाच दोषाच्या मागावर मी दीर्घकाळ होतो. वाचन-लेखनाचा प्रचंड भार असताना, तोही क्वचितच, वाचलेल्या माहितीचा चेकसम जुळत नसे. यंत्र बंद पडत नव्हते, लॉगमध्ये तक्रार उमटत नव्हती. बंद पडणारे यंत्र निदान प्रामाणिक तरी असते. हे यंत्र चुकीची माहिती बरोबर म्हणून हाती देत होते. शोधासाठी लॉगची एखादी ओळ वाढवावी, तर दोषच नाहीसा होई. ती ओळ लिहिण्यात जाणारा अत्यल्प काळही घटनांचा क्रम बदलण्यास पुरेसा होता.

प्रत्येक विनंतीला एक टॅग मिळतो आणि काम संपताच तोच पुढच्या विनंतीला दिला जातो, बँकेतल्या पितळी बिल्ल्यासारखा. येथे एका प्रोसेसरवर टायमरने विनंती मुदतबाह्य ठरवून टॅग मोकळा केला. नव्या विनंतीने तो घेतला. तेवढ्यात दुसऱ्या प्रोसेसरवर जुन्या विनंतीचे उत्तर इंटरप्टसह पोहोचले. उत्तर खरे होते, पण बिल्ला आता दुसऱ्याच्या हाती होता. नव्या विनंतीचे काम झाल्याचे जाहीर झाले आणि डिस्कने अजून न भरलेली मेमरी मागणाऱ्याच्या स्वाधीन झाली.

यात दोषी कोण? टायमरने आपले काम चोख केले होते, इंटरप्टनेही. कर्तव्यात कसूर झाली की हानी होते, असे आपण गृहीत धरतो. येथे दोघांनी एकच कर्तव्य निष्ठेने पार पाडल्यामुळे हानी झाली. कार्यालयांत आणि कुटुंबांतही असे घडताना मी पाहिले आहे, आणि तेथेही आपण अपराधी शोधण्यात वेळ दवडतो.

पहिला सुचणारा उपाय म्हणजे मध्ये थोडा विलंब घालणे. चाचण्या उत्तीर्ण होतात, वरिष्ठ समाधानी होतात. परंतु विलंबाने क्रम प्रस्थापित होत नाही. विपरीत क्रम केवळ दुर्मीळ होतो. असा दुर्मीळ दोष आपल्या मेजावर न येता थेट परक्याच्या घरी जातो. खरा उपाय अधिकार निश्चित करण्याचा आहे. विनंतीची स्थिती ‘चालू’वरून ‘पूर्ण’ करण्याचा हक्क एका अविभाज्य क्रियेने एकालाच मिळावा. ज्याला तो मिळाला नाही, त्याने कशालाही हात न लावता परतावे. शिवाय डिस्कने जुनी आज्ञा खरोखर सोडल्याची खात्री होईपर्यंत टॅग मोकळा करू नये. लिनक्सचा एनव्हीएमई ड्रायव्हर मुदत संपल्यावर आधी उत्तर येऊन पडले आहे का ते पाहतो, मग आज्ञा रद्द करण्यास सांगतो, आणि तेही निष्फळ ठरल्यास कंट्रोलर रीसेट करतो. अधीरतेलाही अशा पायऱ्या असाव्यात, हे मला त्या कोडमधले सर्वांत सुसंस्कृत अंग वाटते.

२०२१ मध्ये लिनक्सच्या ५.१५ आवृत्तीत त्या ड्रायव्हरवर आणखी एक पहारा बसला. आज्ञेच्या १६ बिटांच्या ओळखक्रमांकातले ४ बिट पिढीसाठी राखले गेले. टॅग पुन्हा वापरला की पिढी बदलते आणि शिळे उत्तर ओळखू येते. मात्र चार बिटांत सोळाच पिढ्या मावतात. पुरेसे उशिरा आलेले उत्तर पुन्हा आपलेच वाटू शकेल. पहाऱ्याने धोका घटतो. अधिकाराचा प्रश्न त्याने सुटत नाही.

दुरुस्तीनंतर आम्ही प्रतीक्षेची मर्यादा मुद्दाम काही मिलिसेकंदांवर आणली, म्हणजे ती टक्कर पुन्हा पुन्हा घडावी. चेकसम जुळत राहिले. तेवढ्याने दोष गेल्याचे सिद्ध होत नाही. म्हणून पॅचसोबतच्या टिपणात मी चाचणीचे निकाल दोन ओळींत आटोपले आणि कोणत्या क्रमाने काय घडू शकते व का घडू शकत नाही, याचे विवेचन सविस्तर लिहिले. पुढे हा कोड बदलणाऱ्याला त्याचीच गरज पडेल.