रुद्ररूप आजोबांचे हसणे

श्राद्धाच्या संकल्पात मृताची ओळख तीन गोष्टींनी पटवली जाते: नाव, गोत्र आणि रूप. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ही विभागणी आली आहे आणि मराठी घरांतले गुरुजी आजही ती तशीच म्हणतात. मृताचा स्वभाव मात्र या तिन्हींत कुठेच येत नाही. उभी हयात रेल्वेच्या रुळांवर काढलेला, साहेबांची हुबेहूब नक्कल करणारा, पत्त्यांत लबाडी करून नातवंडांना हरवणारा आणि वर त्यांनाच चिडवणारा आजोबाही दर्भ मांडला की रुद्र होतो. देवांमध्ये रुद्र तर उग्र. मग श्राद्धात आठवला जातो तो हाच माणूस, की आजोबा नावाची एक जागा? आणि त्याच्या गमती आठवून घरातली माणसे हसली, तर तेही पितृकार्यच म्हणायचे की पितृकार्यातला व्यत्यय?

इंदूर जिल्ह्यातल्या मानपूर-महू भागात या प्रश्नाला रेल्वेची एक खास बाजू आहे. मानपूर आग्रा-मुंबई रस्त्यावरचे गाव. इंग्रजी अमदानीत चहूकडे संस्थानी मुलूख असताना हा लहानसा परगणा थेट ब्रिटिशांच्या ताब्यात होता. रेल्वे मात्र मानपूरला न येता महूहून पाताळपाणीच्या बाजूने विंध्य उतरली. खंडवा-इंदूर मार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजावर १ कोटी रुपये दिले आणि १८७० चे दशक संपण्यापूर्वी तो मार्ग सुरू झाला. पाताळपाणी ते काळाकुंड हा त्यातला अवघड घाट. बोगदे, दरीवरचे पूल आणि चाळीस फुटांना एक फूट असा तीव्र चढ. अशा मार्गावर गँगमन, चावीवाला, मुकादम, पॉइंट्समन यांच्या पिढ्या राबल्या. रूळ सरकवताना सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागावा म्हणून एकाने हाळी द्यायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, ही गँगची जुनी रीत. हाळी देणारा जितका खट्याळ, तितकी पहार हलकी वाटते. म्हणून गँगमधला गंमत्या माणूस कामचुकार समजला जात नाही. त्याची थट्टा कामाचाच भाग असते.

श्राद्धविधी हा स्वभाव का वगळतो, याला शास्त्रात कारण आहे. मृत्यूनंतर माणूस आधी प्रेत मानला जातो. त्या अवस्थेत त्याच्या इच्छा, आसक्ती, रुसवेफुगवे शिल्लक असतात. सपिंडीकरणात त्याचा पिंड आधीच्या तीन पितरांच्या पिंडांत मिसळला की तो पितर होतो आणि त्याचे वेगळेपण तिथे संपते. विसर हा इथे विधीचा हेतूच आहे. त्याआधी, दहाव्या दिवशी, वेगळेपणाला एकदाच वाव मिळतो. पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घाटावर जमलेली माणसे मृताचे काय राहिले असेल ते आठवू लागतात. धाकटीचे लग्न, भावाशी धरलेला अबोला, क्वचित एखादा खाण्याचा पदार्थ. काळाकुंडच्या घाटात नोकरी केलेल्या माणसाच्या बाबतीत तिथल्या फलाटावर पळसाच्या पानात मिळणाऱ्या कलाकंदाचे नाव निघाले तर त्यात नवल नाही. शब्द दिला जातो. तरीही कावळा आलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून विधी पुढे नेला जातो. एरवी गंभीर असलेल्या अंत्यविधीत माणसाची लहर विचारात घेणारी ही एकच जागा.

इथे दिलेले अन्न तिथे पोहोचते कसे, हा आक्षेप जुना आहे. चार्वाकांचा सवाल सर्वदर्शनसंग्रहाने नोंदवला आहे: मेलेल्याला असे जेवण पोहोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला न्यावी? त्याचे जेवण घरीच वाढावे. आक्षेप बिनतोड आहे आणि विनोदीही. रुळावरच्या माणसाला तो सहज सुचला असता. त्यावर स्मृतिकारांचे म्हणणे असे की अन्न थेट मृताला जातच नाही. वसु, रुद्र, आदित्य या श्राद्धदेवता तृप्त होतात आणि त्या पितरांना तृप्त करतात. पितर पुन्हा जन्मला असेल, तर ज्या योनीत असेल त्या योनीला योग्य अशा रूपात त्याला ते मिळते. नाव आणि गोत्र म्हणजे पार्सलवरचा पत्ता आणि रुद्र म्हणजे मधले पार्सल ऑफिस. पत्त्यात स्वभाव लिहीत नाहीत. या उत्तराने चार्वाक गप्प बसणार नाही, पण आजोबा रुद्ररूप का, ते मात्र कळते. ते रूप त्यांचे वर्णन नव्हे, ती व्यवस्था आहे.

सुधारकांनी ही व्यवस्थाच नाकारली. दयानंद सरस्वतींनी श्राद्ध आणि तर्पण जिवंत आईवडिलांच्या सेवेत शोधले. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताचा मध्यस्थपणा काढून टाकला. मेल्यावर जेवणावळी घालण्यापेक्षा जिवंतपणी घासभर द्या, हे गाडगेबाबांचे कीर्तनातले सांगणे. नैतिकदृष्ट्या ही बाजू भक्कम आहे. पण सेवा जिवंत माणसाची होते, आठवण गेलेल्याची. आजोबा गेल्यावर नातवाने आठवणीचे काय करायचे, याचे उत्तर इथेही मिळत नाही.

त्यासाठी न्यायदर्शनाकडे वळावे लागते. नैयायिक स्मृतीला प्रमाण मानत नाहीत, कारण ती नवे काही दाखवत नाही. आत्म्यावर आधीच उमटलेल्या संस्कारातून ती उपजते. पण तो संस्कार जागा कशाने होतो, याचा विचार न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात बारकाईने केला आहे. तिथे पंचविसाहून अधिक कारणे मोजली आहेत: सादृश्य, संबंध, वियोग, सुख, दुःख, भय, क्रिया आणि इतर. सुख या यादीत दुःखाच्या बरोबरीने आहे. म्हणजे हसताना झालेली आठवण रडताना झालेल्या आठवणीपेक्षा कमी दर्जाची ठरत नाही. यादीत एककार्य हेही एक कारण आहे. एकच काम मिळून करणाऱ्यांपैकी एक दिसला की दुसरा आठवतो.

रेल्वेवाल्या आजोबांच्या बाबतीत हे कारण निर्णायक ठरते. घरच्यांना ते संबंधाने आठवतात, गँगच्या माणसांना एककार्याने. घरी येणारा माणूस दमलेला असतो. त्याची खरी धमाल पहार, कंदील आणि हातगाडी यांच्या सोबतीत घडलेली. म्हणून कुटुंबाने कितीही निष्ठेने आठवण जपली तरी तिच्यात अर्धा माणूस नसतो आणि हा अर्धा भाग श्राद्धाला न बोलावलेल्या लोकांपाशी राहतो. वर्षश्राद्धाच्या पंगतीला जुने सहकारी बोलावण्याची पद्धत जिथे आहे, तिथे जेवणानंतरच्या गप्पांत तो परत मिळतो. याला विधीत स्थान नाही, पण ते द्यायला हवे होते.

क्रियेने जागी होणारी आठवण याच घाटात दिसते. १८८९ च्या ४ डिसेंबरला जबलपूरला फाशी दिलेल्या तंट्या भिल्लाचे पाताळपाणीजवळ रुळालगत देऊळ आहे. त्याचा देह तिथे आणून टाकला होता, असे लोक मानतात. देवळापाशी गाडी क्षणभर थांबवायची, हा चालकांचा जुना शिरस्ता. पुढे उतार आहे, म्हणून ब्रेक तपासायला थांबतो, असे रेल्वेचे स्पष्टीकरण. तंट्यामामाला सलामी देतो, असे लोकांचे. दोन्ही एकाच थांब्यात मावतात. गंभीर चेहरा, मंत्र, शोक यांपैकी कशाचीच त्याला गरज पडत नाही.

पितरांच्या दिवसांत हसण्याखेळण्याला मज्जाव असतो, ही समजूतही सार्वत्रिक नाही. माळव्यात पितृपक्षाच्या त्याच पंधरवड्यात मुली भिंतीवर शेणाची संजा काढतात, तिला फुलांनी सजवतात आणि सासरमाहेरची थट्टा करणारी गाणी म्हणतात. घरात श्राद्धाची खीर आणि दारात संजाची गाणी, हे मानपूरसारख्या गावांत एकाच संध्याकाळी चालते. खानदेशात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, पितरांच्या नावाने घागर भरतात, आमरसाचा नैवेद्य दाखवतात आणि त्याच दिवशी झोके बांधले जातात, पत्त्यांचे डाव रंगतात. भुसावळ-खंडवा पट्ट्यातल्या अनेक रेल्वे कुटुंबांना ही आखाजी परकी नाही. पत्त्यांत लबाडी करणाऱ्या आजोबांसाठी याहून योग्य तिथी शोधून सापडणार नाही.

शास्त्राने खास आजोबांसाठी ठेवलेला दिवसही शोकाचा नाही. आश्विन शुद्ध प्रतिपदेला मुलीचा मुलगा आईच्या वडिलांचे श्राद्ध करतो. मराठीत त्याला आजेपाडवा म्हणतात. एरवी वडील हयात असलेल्याने श्राद्ध करायचे नसते, पण इथे नातवाचे वडील जिवंत असणेच अपेक्षित असते आणि नातू लहान असला तरी चालतो. त्याच दिवशी घट बसतात. ज्याला आजोबांच्या मांडीवरचा खेळ अजून आठवतो, त्याच वयाच्या मुलाच्या हातून हे तर्पण होते आणि त्याच्याकडून शोकाची अपेक्षा कोणी करत नाही.

राहतो तो सत्याचा प्रश्न. मौजी माणसाच्या मौजेत पगारातून गेलेली दारू, पत्त्यांत उडालेले पैसे, आजीने सोसलेल्या रात्री हेही कधीकधी असते. श्राद्धविधी दोषांबद्दल मौन पाळतो. तो गुणांबद्दलही मौनच पाळत असल्याने त्याच्यावर खोटेपणाचा आरोप येत नाही. कुटुंबाच्या गोष्टींवर तो येऊ शकतो, कारण त्या फक्त हसू येईल तेवढेच सांगतात. कर्मसिद्धांताप्रमाणे केल्याचे फळ ज्याचे त्याला, आणि नातवंडांनी किस्से गाळून ते बदलत नाही. तेव्हा आजीची बाजूही त्याच पंगतीत सांगितली गेली तर पितरांचा अवमान होत नाही. ती सांगायला बहुधा आत्याच पुढे येते आणि तिच्या तोंडी ती गोष्टही विनोदीच होऊन बसते.

पिंडाचा हक्क तीन पिढ्यांपुरता. चौथ्या पिढीपासून पूर्वज लेपभागी होतात. पिंड देताना हाताला लागून राहिलेल्या अन्नाचे ते धनी आणि त्यांचे नाव उच्चारले जात नाही. किस्से याहून जास्त टिकतात, पण त्यांचा मालक बदलतो. महूपुढची मीटर गेज २०२३ मध्ये बंद झाली, पाताळपाणी-काळाकुंड दरम्यान २०१८ पासून पर्यटकांची गाडी सुरू झाली आणि घाटातल्या गँगचे किस्से आता तिच्या प्रवाशांना सांगितले जाऊ शकतात, कोणाच्या आजोबांचे ते न सांगता.