सापडेपर्यंत



ऑक्टोबर महिना जपमाळेचा. या महिन्यात घरोघरी, क्रूसाक्रूसापाशी रोझरी होते. सोमवारी आणि शनिवारी आपण आनंदाची रहस्ये म्हणतो. त्यांतले पाचवे रहस्य म्हणजे हरवलेला येशू मंदिरात सापडतो ते. बारा वर्षांचा मुलगा. सण आटोपून मरीया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून आले, तेव्हा तो सोबत नाही हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी नातेवाइकांत शोधले, ओळखीच्यांत शोधले आणि पुन्हा यरुशलेमची वाट धरली. तिसऱ्या दिवशी तो सापडला.

हीच घटना आणखी एका यादीत आहे. पवित्र मरीयेच्या सात दुःखांपैकी तिसरे दुःख ते हेच. एकच घटना ख्रिस्तसभेने आनंदातही मोजली आणि दुःखातही मोजली. रोझरी म्हणताना आपण त्या तीन दिवसांवरून भरभर पुढे जातो, कारण शेवट आपल्याला ठाऊक असतो. मरीयेला तो ठाऊक नव्हता. जगात अशी कितीतरी घरे आहेत, ज्यांचे ते तीन दिवस अजून संपलेले नाहीत. येत्या आठवड्यात मृतांचा दिवस आहे. त्याआधी आज या घरांची आठवण करू या.

अशा एका घराची हकिकत प्रत्यक्ष व्हॅटिकनमधली आहे. एमान्युएला ओर्लांदी ही पंधरा वर्षांची मुलगी व्हॅटिकनची नागरिक होती. तिचे वडील पोपमहोदयांच्या कार्यालयीन सेवेत होते आणि कुटुंब व्हॅटिकनच्या हद्दीतच राहत होते. २२ जून १९८३ रोजी ती नेहमीप्रमाणे रोममध्ये संगीताच्या शिकवणीला गेली. तिथून तिने घरी फोन केला. कोणीतरी सौंदर्यप्रसाधने विकण्याचे काम देऊ करतो आहे, असे तिने बहिणीला सांगितले. त्यानंतर ती घरी आली नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३ जुलै रोजी देवदूताच्या प्रार्थनेच्या वेळी तिच्यासाठी जाहीर आवाहन केले. निनावी फोन येऊ लागले. दोन वर्षांपूर्वी पोपमहोदयांवर गोळ्या झाडणाऱ्या कैद्याला सोडा, म्हणजे मुलगी परत देऊ, असेही त्यांत सांगितले गेले. पण मुलगी काही आली नाही. तिच्याआधी काही आठवडे, ७ मे १९८३ रोजी, मिरेल्ला ग्रेगोरी ही पंधरा वर्षांचीच मुलगी रोममधून नाहीशी झाली होती. तिचाही पत्ता लागला नाही.

त्या कुटुंबाने तेव्हापासून काय काय सोसले? तर्क ऐकले, पुस्तके निघाली, चित्रपट निघाले. २००४ साली वडील उत्तर न मिळताच देवाघरी गेले. २०१८ साली रोममधील व्हॅटिकनच्या वकिलातीत हाडे सापडली; ती तिची नव्हती. २०१९ च्या जुलैत एका निनावी चिठ्ठीवरून व्हॅटिकनमधील जर्मन दफनभूमीतल्या दोन कबरी उघडल्या. त्या रिकाम्या निघाल्या. प्रत्येक वेळी त्या घराला आशा धरावी लागली आणि त्याच वेळी मनाची भीषण तयारीही करावी लागली. आपल्या मुलीची हाडे मिळावीत अशी इच्छा करावी, की मिळू नयेत अशी? कोणत्याही आईवडिलांवर अशी प्रार्थना करण्याची पाळी येऊ नये.

अमेरिकेतील अभ्यासक पॉलिन बॉस यांनी अशा दुःखावर आयुष्यभर काम केले. माणूस गेला की राहिला हेच ठाऊक नसते, म्हणून हे दुःख सुटता सुटत नाही, असे त्या सांगतात. मृत्यूला शेवट असतो. शवपेटी असते, मिस्सा असते, मूठभर माती असते, शेजारी येऊन बसतात. हरवलेल्याच्या घरी यांतले काहीच होत नाही. आई रात्री दाराला कडी लावताना थबकते. वडील जुना फोन नंबर बदलत नाहीत. जेवणाच्या टेबलाजवळची एक खुर्ची कोणी हलवत नाही आणि तिच्यावर कोणी बसतही नाही.

कायद्यालाही इथे अडखळावे लागते. आपल्या देशात, ज्यांना एरवी बातमी कळली असती त्यांना सात वर्षे माणसाची काहीच खबर नसेल, तर न्यायालय त्याला मृत मानू शकते. ख्रिस्तसभेचा नियम मात्र वर्षे मोजत नाही. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यानुसार, जोडीदार कितीही वर्षे बेपत्ता असला तरी केवळ तेवढ्यावरून दुसऱ्याला पुनर्विवाह करता येत नाही. मृत्यूविषयी नैतिक खात्री पटल्यावर बिशपांनी तसे जाहीर करावे लागते. हा नियम कठोर वाटतो. पण त्यामागे एक आदर आहे. केवळ वेळ गेला म्हणून कोणत्याही माणसाचा हिशेब बंद करायचा नाही.

संत लूकच्या पंधराव्या अध्यायात हाच आदर दिसतो. मेंढपाळ एका मेंढरामागे जातो, तो किती दिवस? सापडेपर्यंत. त्याच अध्यायातली बाई हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावते आणि आपलेच घर झाडून काढते. आपण संत अंथनीकडे हरवलेल्या किल्ल्या मागतो, पाकीट मागतो. ती बाई आपल्याला सांगते की नवसाबरोबर केरसुणीही हातात घ्या. नाणे ज्या घरात हरवले त्या घराची झाडलोट करण्यात घराची बेअब्रू होत नाही. ओर्लांदी कुटुंबाची वर्षानुवर्षे तक्रार आहे की व्हॅटिकनने आपल्याजवळची सगळी माहिती दिली नाही. तिचा निवाडा चौकशी करील. पण जानेवारी २०२३ मध्ये व्हॅटिकनने स्वतः तपास पुन्हा उघडला, तेव्हा दिवा लागला असे म्हणावे लागेल. त्याच वर्षी २५ जून रोजी, घटनेला चाळीस वर्षे झाली असता, पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या चौकात तिच्या कुटुंबाची, विशेषतः तिच्या आईची आठवण केली आणि प्रियजन गमावलेल्या सर्व कुटुंबांना त्या प्रार्थनेत घेतले. नोव्हेंबरात इटलीच्या संसदेने दोन्ही मुलींसाठी चौकशी आयोगाला मंजुरी दिली. उत्तर अजून मिळालेले नाही. सत्याने ख्रिस्तसभेचे कधी वाईट होत नाही. सत्य दडवल्याने होते.

इतक्या वर्षांनी शोधून काय मिळणार, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्या मुंबईत आहे. अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात २००८ ते २०१५ या काळात १६६ मुली हरवल्याच्या नोंदी झाल्या. सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांपैकी १६५ शोधल्या. राहिली ती एक, जानेवारी २०१३ मध्ये शाळेला निघालेली सात वर्षांची मुलगी. भोसले २०१५ साली निवृत्त झाले, पण शोध त्यांनी सोडला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ती मुलगी घरी आली, सोळा वर्षांची होऊन. ती फार लांब गेलेलीच नव्हती. तिच्याबरोबर घरकाम करणाऱ्या एका बाईने तिची हकिकत मनावर घेतली आणि इंटरनेटवर जुने पत्रक शोधून काढले. पत्रकावर पाच फोन नंबर होते. चार बंद पडले होते. पाचवा लागला, तो एका शेजाऱ्याचा होता.

बंधु-भगिनींनो, या पाचव्या नंबरापाशी थोडे थांबू या. त्या शेजाऱ्याची मुलगी हरवली नव्हती. घरकाम करणाऱ्या त्या बाईवर कोणती सक्ती नव्हती. निवृत्त सहायक उपनिरीक्षकाला कोणी पगार देत नव्हते. तरी या तिघांनी तिचा हिशेब बंद केला नाही. शुभवर्तमानातला मेंढपाळ आपल्याला आज भेटायचा झाला तर तो असाच भेटेल.

मग आपण काय करायचे?

हरवलेल्याच्या घरी 'आता विसरा', 'देवाची इच्छा', 'मिस्सा सांगून मोकळे व्हा' असे बोलू नये. आशा सोडायची की धरायची हे त्या घराला ठरवू द्यावे. आपण नुसते जाऊन बसावे, आणि नाव घेऊन विचारावे. ऐकीव बातमी खात्री केल्याशिवाय त्यांच्या कानावर घालू नये. प्रत्येक अफवेमागे त्या घरातले कोणीतरी गाडीभाडे खर्चून धावते आणि रिकाम्या हाताने परतते.

कोणी हरवले तर चोवीस तास थांबायचे असते ही समजूत चुकीची आहे. ताबडतोब पोलिसांत जावे, अलीकडचा फोटो द्यावा. मूल हरवले असेल तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. मुलांसाठी १०९८ हा नंबर घरातल्या सर्वांना पाठ असावा.

ज्याला काही ठाऊक आहे त्याने बोलावे. भीतीने असो की लाजेने, दाबून ठेवलेली खरी साक्ष दुसऱ्याच्या घरातली झोप चोरते. आणि रागाने घर सोडून गेलेले कोणी हे वाचत असेल, तर त्यालाही सांगणे आहे: परत यायलाच हवे असे नाही, पण 'मी जिवंत आहे' एवढे तरी कळवा. आईला तेवढ्याने श्वास घेता येईल.

नोव्हेंबरात आपण पाकिटातून मृतांची नावे वेदीपाशी ठेवतो. ज्या आईला आपल्या मुलाचे नाव त्या पाकिटात घालवत नाही आणि घरी ठेवूनही चैन पडत नाही, तिच्यासाठी आपल्या विश्वासू जनांच्या प्रार्थनेत एक वेगळी विनंती असू द्या: हरवलेल्यांसाठी. जिवंतांच्या यादीत की मृतांच्या, हे आपल्याला ठरवावे लागत नाही. देवाजवळ दोन याद्या नाहीत. त्याच्या दृष्टीआड कोणीच गेलेले नाही.

हे पवित्र मरीये, तीन दिवस तू वाटेवर होतीस. ज्यांची वाट अजून संपली नाही त्यांच्याबरोबर चाल. आमच्या डोळ्यांना बघण्याची, जिभेला खरे बोलण्याची आणि पायांना सापडेपर्यंत चालण्याची शक्ती तुझ्या पुत्राकडून मिळवून दे. आमेन.