दुसऱ्याचे टेबल आवरताना

आमच्या शाळेच्या ऑफिसात संगणक एकच आहे आणि तो अकरा जणांचा आहे. चालू केला की पडद्यावरचे चित्र दिसतच नाही, इतक्या फायली वर पसरलेल्या असतात. पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती, इनपेजमध्ये टाइप केलेला सातवीचा पेपर, कुणाच्या भाच्याची लग्नपत्रिका. आतला मजकूर उर्दू, वरचे नाव रोमन लिपीत: 'न्यू', 'फायनल', 'फायनल न्यू'. विंडोज आपली चिन्हे डाव्या कडेपासून रचते. आमच्यापैकी काही जण ती ओढून उजव्या कडेला नेतात, कारण उर्दू वाचणाऱ्याची नजर आधी तिकडे जाते. (जुन्या मॅकिंटॉशवर डिस्कचे चिन्ह उजवीकडेच असायचे, तेव्हा हा निव्वळ आमचा हट्ट समजू नये.)

2022 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एकटेच ऑफिसात होतो. पसारा पाहवेना. स्वच्छतेला इमानाचा भाग मानणारी आम्ही माणसे, शिवाय बी.एड.ला फळ्यावर तारीख कोणत्या कोपऱ्यात लिहावी इथपर्यंत शिस्त शिकलेलो. अर्ध्या तासात फोल्डर केले: परीक्षा, ऑफिस, पोषण आहार, फोटो. जे कशातच बसले नाही ते 'इतर'मध्ये टाकले. पडदा लख्ख झाला आणि सवाब मिळाल्यासारखे वाटले.

सुट्टीनंतर आमच्या एक ज्येष्ठ आपा त्या पडद्यासमोर बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. काहीतरी नाही एवढे त्यांना कळत होते. काय नाही ते आठवेना. त्यांची एक फाईल खालच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या अगदी वर असायची. नववीतल्या ज्या मुलींचे अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचे अर्ज नावातल्या फरकामुळे अडकले होते, त्यांची ती यादी. शाळेच्या रजिस्टरात एक नाव, आधार कार्डावर दुसरे. फातेमा, फातिमा आणि फातमाबी ही एकच मुलगी आहे हे तिच्या आईला कळते. ऑनलाइन अर्जाला कळत नाही. आपा तास बदलताना घड्याळ पाहत, घड्याळाबरोबर फाईल दिसे, आणि फाईल दिसली की एखाद्या पालकाला फोन होई. फाईल हरवली नव्हती. 'इतर'मध्ये सुखरूप होती. ती सापडेपर्यंत दोन मुलींच्या दुरुस्तीची मुदत टळून गेली. केंद्राने त्याच वर्षापासून ही शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद करून नववी-दहावीपुरती ठेवली होती. म्हणजे त्या मुलींना मोजून दोन वर्षे, त्यातले एक आम्ही घालवले. आपा आम्हाला एक शब्दही बोलल्या नाहीत.

संगणकाच्या पडद्याला टेबल समजण्याची कल्पना झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या यंत्राबरोबर 1981 मध्ये बाजारात आली: कागद, फोल्डर, टपालाचे ट्रे. दोनच वर्षांनी थॉमस मॅलोन या अमेरिकन संशोधकाने खऱ्या टेबलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही माणसे कागद लावून ठेवतात, काही ढीग करतात. पण वर राहिलेला कागद आपल्या धन्याला कामाची आठवण देत असतो, असे त्यांनी दाखवले. हे कळायला आम्हाला अमेरिका नको होती. लक्षात राहावे म्हणून आईने ओढणीच्या टोकाला मारलेली गाठ टापटिपीच्या नावाखाली कुणी सोडते काय?

शिस्त हा गुण आहे, याबद्दल आमचे मत बदललेले नाही. भाच्याची पत्रिका कुणाला कसली आठवण देणार? पण शिस्त कुणाची, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारलाच नव्हता. आपले टेबल हवे तसे लावावे. सामाईक टेबलावरचा दुसऱ्याचा कागद ही अमानत असते. आणि एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. आमची स्वतःची एकही फाईल 'इतर'मध्ये गेली नव्हती. कप्पे आम्ही पाडले होते, त्यामुळे आमच्या प्रत्येक वस्तूला कप्पा होता. किती याद्यांच्या शेवटच्या ओळीत आम्ही स्वतः 'इतर' म्हणून उभे राहिलो असू, तरी हात जराही अडखळला नाही.

आमच्या एरंडोलमध्ये एक जुनी वास्तू आहे. कुणी तिला पांडववाडा म्हणते, कुणी जुमा मशीद. 2023 मध्ये तिचा वाद कोर्टात गेला. त्याची चर्चा निघाली की प्रत्येक जण ती एकाच फोल्डरमध्ये टाकायला निघतो, आणि टाकताना आपण नुसती आवराआवर करतो आहोत, असेच त्याला वाटत असते. आम्हालाही तसेच वाटले होते.

आता कुणाची फाईल हलवायची झाली तर आम्ही आधी विचारतो. वेळ जातो, पडदा पुन्हा भरला आहे, आणि मागच्या चाचणीचा पेपर शोधायला पाऊण तास लागला, तेव्हा सगळ्यांनी आमच्याकडेच पाहिले. आपांनी आपली फाईल त्याच आठवड्यात ओढून घड्याळावर नेली होती. त्या मुली दहावी होऊन गेल्या, आपाही निवृत्त झाल्या. फाईल तिथेच आहे. परवा नव्या शिक्षकाने विचारले, सर, ही जुनी दिसते, काढू का? आम्ही म्हणालो, आपांना फोन करून विचारा.